फवारणीनंतरही तण उभे राहिले तर: सोलापूरच्या रानासाठी काही सूचना

तणनाशकाची फवारणी होऊन तीन आठवडे झाले तरी तण हिरवे दिसले, की पुढच्या वेळी पंपात औषध वाढवण्याची सवय अनेकांना असते. ती आधी सोडावी आणि तण का उरले हे रानात फिरून पाहावे. सर्वच जातींचे तण पिवळे पडून पुन्हा सावरले असेल, तर दोष बहुधा फवारणीत असतो. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम ग्लायफोसेट आणि २,४-डी या तणनाशकांचा प्रभाव घटवते, आणि कालव्याच्या गढूळ पाण्यातील माती ग्लायफोसेटला धरून ठेवते. पाण्याच्या ताणाने मलूल झालेले किंवा धुळीने माखलेले तणही औषध नीट शोषत नाही. मात्र एकाच जातीची, सारख्याच वाढीची काही रोपे मेली आणि त्यांना खेटून असलेली टवटवीत राहिली, तर तणात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचा संशय घ्यावा. हरियाणात १९९०च्या दशकात गव्हातील गुल्लीदांडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासे झाले, ते वर्षानुवर्षे तेच औषध मारल्यामुळेच.

केना या तणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो ग्लायफोसेटला मुळातच फारशी दाद देत नाही. शेजारचे तण मेल्याने त्याला जागा मोकळी मिळते, आणि जमिनीखालीही फुले येऊन त्याला बी धरते.

औषध बदलताना डब्यावरचे कंपनीचे नाव नव्हे, तर त्यातील घटक पाहावा. लागणीच्या उसात अॅट्राझीन आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) मेट्रिब्युझिन मारणाऱ्याला आपण फेरपालट केली असे वाटते, परंतु दोन्ही औषधे तणाची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया एकाच ठिकाणी अडवतात, त्यामुळे ती फेरपालट ठरत नाही. २,४-डीचे काम निराळ्या पद्धतीने चालते, पण शेजारी द्राक्षबाग असेल तर ते न वापरलेलेच बरे; वाऱ्याने गेलेला थोडासा तुषारही वेलीला भोवतो.

खरा भार मात्र औजारांवर आणि पिकाच्या नियोजनावर टाकावा. रब्बी ज्वारीसाठी खरिपात मोकळे ठेवलेले रान ही या जिल्ह्याची मोठी सोय आहे: पाऊस होऊन तण उगवले आणि वाफसा (मशागतीजोगी ओल) आला की वखराची पाळी द्यावी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर पेरणी येईपर्यंत वरच्या थरातील बरेच बी उगवून संपते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरावे. लव्हाळा आणि हरळीच्या रानात ओल असताना रोटाव्हेटर घालू नये, कारण त्याने गाठी आणि तुकडे सर्वत्र पसरतात. त्याऐवजी एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून गाठी उन्हात सुकू द्याव्यात.

एवढे करूनही जे तण उरेल, ते फुलावर येण्यापूर्वी खुरपून काढावे. उपटलेला केना ओल्या रानात किंवा बांधावर टाकू नये. त्याच्या पेरांना पुन्हा मुळ्या फुटतात, म्हणून तो कडक जागेवर पूर्ण वाळवावा.