व्हिएन्नात महिन्याचं बिऱ्हाड: पहिल्या दिवसाची तयारी

तिकीट काढतानाच बघून घ्या, विमान कोणत्या वारी पोचतंय. आम्ही पोचलो शनिवारी संध्याकाळी. व्हिएन्नात दुकानं शनिवारी सहाला बंद होतात आणि मग थेट सोमवारी उघडतात, हे वाचलं होतं. पण कोपऱ्यावरचा एखादा वाणी असेलच की, असं मनात होतं. कोपरा होता, वाणी नव्हता. रविवारी दोन्ही वेळा मेतकूट-भात खाल्ला, तोही तुपाशिवाय. हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन) किंवा प्राटरस्टर्नसारख्या स्टेशनांतली किराणा दुकानं रविवारीही उघडी असतात, हे सोमवारी कळलं. तेव्हा मंगळवार-बुधवारची सकाळ साधा, आणि नाहीच जमलं तर पहिल्या दोन जेवणांचा शिधा सोबत ठेवा.

शिधा म्हणजे काय, तेही सांगते. युरोपीय संघात भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरीच राहू द्या. ताजी फळं-भाजी न्यायला प्रमाणपत्र लागतं, त्यात आपला कढीपत्ता आणि हापूसही आले. नारळ, केळी, अननस, खजूर यांना मात्र मुभा आहे. डाळ, तांदूळ, मसाले, मेतकूट, भाजणी बिनधास्त न्या. तुपाची काळजी नको. तिकडे ‘बुटरश्माल्ट्स’ मिळतं, वरणभातावर कुणाला शंकाही येणार नाही. आणि ‘टोफ्फेन’ म्हणून जे डब्यात मिळतं ते चक्क्याचं सख्खं भावंड आहे. साखर आणि वेलची घालून श्रीखंड करा, मग बोलू.

कुकर नेणार असाल तर आधी बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर तो इंडक्शनच्या शेगडीवर चालणार नाही, आणि आपले ॲल्युमिनियमचे कुकर बहुधा चिकटत नाहीत. घरमालकाला शेगडी कोणती, हे आधीच विचारा. स्वच्छतागृहात पाण्याचा फवारा नसतो. एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, लाजू नका. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. साधी पॅरासिटामॉलसुद्धा तिथे किराणा दुकानात मिळत नाही, लाल ‘ए’ची पाटी असलेल्या आपोटेकमध्येच, म्हणजे औषधांच्या दुकानातच जावं लागतं. आपोटेक बंद असलं, तर जवळचं कोणतं उघडं आहे ते दारावरच लिहिलेलं असतं.

विमानतळावरून शहरात यायला हिरवी ‘कॅट’ गाडी सगळ्यात ठळक दिसते, पण ती महाग. एस-७ लोकल व्हीन मिट्टे स्टेशनला नेते आणि रेलजेट ही जलद गाडी पंधरा मिनिटांत हाउप्टबानहोफला. दोन्हींना साधं तिकीट चालतं. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, म्हणून शहराच्या पासवर तिथून बसू नका. मेट्रोला फाटकं नाहीत, त्यामुळे सगळं फुकट असल्यासारखं वाटतं. पण सुटं कागदी तिकीट यंत्रात घालून छाप उठवायची असते. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

घराचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, कारण तो वाचायलाही शिकावं लागतं. २४/२/१४ म्हणजे २४ नंबरची इमारत, दुसरा जिना, १४ नंबरचं दार. पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे विभाग: १०७० असेल तर सातवा. असे २३ विभाग आहेत. जुन्या इमारतीत तळमजल्याच्या वर होखपार्टेर, त्यावर मेझानिन आणि मग कुठे ‘पहिला’ मजला येतो. घरमालकाने ‘पहिला मजला, लिफ्ट नाही’ म्हटलं की बॅगेचं वजन पुन्हा एकदा करा.

दार उघडलं की सगळ्यात आधी किल्ली. बाहेरून मूठ फिरत नाही. दार ओढलं की बंद. किल्ली आत राहिली तर कुलूपवाल्याला बोलवावं लागतं आणि तो घसघशीत पैसे घेतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी नियम झाला: कचरा टाकायला जायचं तरी किल्ली गळ्यात. कचरा म्हणाल तर कागद लाल झाकणात, प्लास्टिक आणि डबे पिवळ्यात, काच रंगीत-पांढरी वेगळी. बाटल्या मात्र टाकू नका. १ जानेवारी २०२५ पासून प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत आहे, दुकानातल्या यंत्रात परत मिळते.

पाणी विकत घेऊ नका. नळाला येतं ते आल्प्सच्या झऱ्यांचं. १८७३ साली पहिली आणि १९१० साली दुसरी जलवाहिनी झाली, आणि आजही शहर मुख्यतः त्यावरच पितं. थंडगार असतं, कळशीतल्यासारखं.

दुपारी पडायचा मोह आवरा आणि किराणा उरका. बटाट्याला एर्डेप्फेल, टोमॅटोला पाराडायझर अशा पाट्या दिसतील. पिठापाशी थांबा. ‘ग्लाट’ म्हणजे बारीक, ‘ग्रिफिग’ म्हणजे रवाळ, दोन्ही मैद्याकडे झुकणारी. पोळीसाठी गव्हाचं ‘फोलकोर्न’ घ्या, मळताना पाणी जरा जास्त घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणा, जिन्यात शेजारी भेटला तरी म्हणा.

एक सरकारी काम राहिलं. खाजगी घरात, लेकी-जावयाकडेसुद्धा, राहणार असाल तर आल्यापासून तीन दिवसांत ‘मेल्डेत्सेटल’ भरून नोंदणी करावी लागते. त्यावर घर देणाऱ्याची सही लागते, ती पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. परतताना नोंदणी रद्दही करायची असते. हॉटेलात उतरलात तर पाहुण्यांची नोंद हॉटेलच करतं.

रात्री नऊपर्यंत कसंबसं जागं राहिलात तरी पहाटे तीनला डोळे उघडणार. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, पोट घड्याळ बघत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा इमारतीत शांतता पाळतात, म्हणून कुकरची शिट्टी सहानंतरच. चहाला हरकत नाही.