सीपॅप (झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन) कपाटात गेलंय? आधी या चुका तपासा

ठाणे लोकलमध्ये खिडकी मिळाली की मुलुंड यायच्या आत माझा डोळा लागायचा. ग्रुपला त्याचं कौतुक. "नशीबवान आहेस, कुठेही झोप लागते तुला!" रात्री आठ तास झोपलेला माणूस सकाळी साडेआठला पुन्हा का झोपतो, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. घरी बायकोला मात्र वेगळंच दिसत होतं. घोरणं मध्येच थांबायचं, मग शांतता, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा एक मोठा श्वास. ती शांतता ती मनात मोजायची. एकदा आकडे विसाच्या पुढे गेल्यावर तिने गदागदा हलवलं, "अहो, श्वास घ्या!"

तेव्हा पहिली चूक हीच: घोरण्याला गाढ झोप समजणं. हा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट बुजते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू क्षणभर जागं करून वाट मोकळी करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, पण शरीर रात्रभर धावलेलं असतं. म्हणून तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हलत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होतात, पक्षाघाताचा धोका वाढतो. रात्री तीनदा लघवीला उठणाऱ्याला प्रोस्टेटची शंका येते. कारण कधीकधी घशात असतं.

"मी कुठे जाड आहे?" हेही ऐकू येतं. वजन हे मोठं कारण खरंच, पण लहान, मागे गेलेला जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही हा त्रास होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही तो वाढतो. त्यांची तक्रार बहुतेकदा घोरण्याची नसते, थकव्याची आणि तुटक झोपेची असते, म्हणून निदान राहून जातं.

झोप नीट लागावी म्हणून पेग किंवा स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका. पेगमुळे घसा आणखी सैलावतो, काही गोळ्यांमुळेही.

मनगटावरच्या घड्याळाच्या भरवशावर मशीनही मागवू नका. आधी स्लीप स्टडी करा. आता ती घरीही होते. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा बराच मंदावून ऑक्सिजन घसरणं, असं तासाला किती वेळा होतं ते त्यात मोजतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यावर तीव्र. माझे 41 आले. सौम्य असेल आणि उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल, तर बनियनच्या पाठीला शिवलेला चेंडूही काम करून जातो.

आता मशीन. सीपॅप म्हणजे ऑक्सिजन नव्हे (शेजारच्या काकूंनी घाबरून विचारलं होतं). खोलीतलीच हवा नळी आणि मास्कमधून दाबाने आत सोडून ते घसा उघडा ठेवतं. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. मी माझं मशीन चौथ्या रात्री कपाटात टाकलं, कारण मास्कमधून हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. मी पट्टे आवळत गेलो. नाकावर वळ उठले आणि गळती वाढली. जास्त आवळलं की मास्कच्या कडेची सिलिकॉनची उशी चेपते आणि कडा उचलल्या जातात. मास्क बसून लावू नका. आडवे व्हा, मशीन चालू करा आणि मग पट्टे जुळवा. दुसरा गुन्हेगार सापडला तो खोबरेल! रात्री डोक्याला तेल, गालाला क्रीम, मग मास्क टिकणार कुठे? चेहरा धुऊन घ्या, मास्कची उशी रोज साध्या साबणाने धुवा.

पहाटे नळीतून नाकात पाणी टपकलं, तर मशीन बिघडलेलं नाही. एसी 20 वर आणि ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारी मशीनची पाण्याची टाकी) पूर्ण, मग नळीत दव धरणारच. एसी 26 वर न्या, ओलावा कमी करा, नळी चादरीखाली घ्या, मशीन डोक्याखालच्या उशीच्या पातळीखाली ठेवा. टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, गाडीच्या बॅटरीचं नको. तोंड कोरडं पडत असेल तर तोंडातून हवा निसटतेय: नाक चोंदलंय का ते दाखवा, किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्या. दाब मात्र स्वतः बदलू नका. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या धुळीत राहणाऱ्यांनी फिल्टर काढून बघावाच. माझा तीन आठवड्यांत काळा झाला होता.

"दोन तास लावतो की!" हे पुरत नाही. डॉक्टर निदान चार तास धरतात, तेही आठवड्यातल्या बहुतेक रात्री. 2016 साली जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच झालेल्यांनी मशीन सरासरी 3.3 तासच वापरलं. नवे झटके कमी झाले नाहीत, दिवसाची पेंग मात्र कमी झाली. मशीनमुळे बीपीच्या गोळ्या सुटतील असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका. आणि पेंग जाईपर्यंत ठाणे-बेलापूर रोडवर गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.

शेवटची चूक मी जेमतेम टाळली. हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी "काही त्रास?" विचारलं, मी "बीपी" म्हणून गप्प. बायको बोलली, म्हणून कळलं की भूल आणि नंतरची वेदनाशामकं या आजारात जपून द्यावी लागतात. अ‍ॅडमिट होताना टॉवेल आणि चपलांच्या पिशवीत मशीनही गेलं.