शाळेत विशेष गरजांच्या मुलांना मदत करताना या चुका टाळा

नागपुरातल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी तयार असते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत नाव असतं, फाइलला प्रमाणपत्राची झेरॉक्स लावलेली असते, दारात रॅम्पही असतो. वर्गात डोकावलं की तेच मूल शेवटच्या बाकावर चित्र रंगवत बसलेलं. महाल-इतवारी असो की हिंगणा-कामठी, मनपाची शाळा असो, जिल्हा परिषदेची की खासगी, चुका साधारण त्याच त्या. शाळाशाळांत फिरणारी विशेष शिक्षिका म्हणून ज्या सारख्या समोर येतात, त्या इथे लिहिते.

डोळे-कान तपासायच्या आधीच शिक्का मारणे

तिसरीतला एक मुलगा. वर्गशिक्षक म्हणाले, "मॅडम, याले काहीच येत नाही जी. पहिलीपासून असाच आहे." वही पाहिली. 'घ'चा 'ध' झालेला, 'भ'चा 'म', वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला, जोडाक्षर आलं की शब्दच गाळलेला. परिसर अभ्यासाच्या पेपरात पाण्याच्या प्रश्नाखाली दोनच शब्द. तोच प्रश्न तोंडी विचारला, तर पठ्ठ्या म्हणतो, "पेंचचं पाणी पहिले गोरेवाड्याले येते, तिथं साफ होते, मंग टाकीत चढवते, मंग आपल्या नळाले." सरांनी जे शिकवलं, ते सगळं त्याच्या डोक्यात होतं. फक्त कागदावर उतरत नव्हतं.

अशा वेळी 'ढ', 'मतिमंद', 'लक्षच देत नाही' हे शेरे फार लवकर निघतात. त्याऐवजी क्रम ठरवून घ्या. आधी नजर आणि श्रवण. फळ्याच्या जवळ बसवल्यावर लिखाण सुधारतं का? पाठमोरं असताना हाक मारली तर वळून बघतं का? वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला अर्धा तास नीट ऐकूच येत नसेल, तर श्रुतलेखनात तो काय दिवे लावणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतं. खरी गळती इथे आहे. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते, कारण मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीला जायचं म्हणजे आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते. पथक येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी कोण गेलं, कोण नाही, याची विचारपूस शाळेने केलीच पाहिजे.

दुसरी चाळणी भाषेची. घरात हिंदी, छत्तीसगढी, गोंडी किंवा ठसठशीत वऱ्हाडी, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. तिथे मूल घडाघडा बोलत असेल, तर कदाचित त्याला भाषेची सवय व्हायला वेळ लागतो आहे. घरच्या भाषेतही शब्द, क्रम, आवाज घसरत असतील तर मात्र पुढे जा. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे पडताळणी साधन यासाठीच आहे. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. त्यातून निदान होत नाही, कोणाला पुढे पाठवायचं एवढंच कळतं. पालकांना "तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अक्षमता) आहे" असं त्या जोरावर सांगू नका.

प्रमाणपत्राची वाट बघत वर्ष घालवणे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, त्यात आहे. पण तिचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. मग पहिली-दुसरीत काय करायचं? हात बांधून बसायचं? त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की अशा अडचणी लवकरात लवकर ओळखणं आणि उपाय करणं ही शाळेचीच जबाबदारी आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट काही ठरावीक लाभांसाठी आहे. फळ्याजवळ बसवायला, उत्तर तोंडी घ्यायला, दहाऐवजी चार शब्दांचं श्रुतलेखन द्यायला कोणाचाच दाखला लागत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात आलं की शाळा निवांत. "आता सवलत आहे, पास होईलच." जादा वेळ आणि लेखनिक या परीक्षेतल्या सोयी आहेत. वर्षभर वाचन शिकवायचं काम त्यामुळे संपत नाही. लेखनिक परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा शेजारी बसवला तर मूल बावरतं. सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं, घटक चाचणीपासूनच सराव द्या.

वेगळं काम म्हणजे कमी दर्जाचं काम

वर्ग भागाकार करतोय आणि एकाला रंगपेटी. हे बंद करा. धडा तोच ठेवा, त्यातलं ओझं कमी करा. भागाकार असेल तर चिंचोके द्या, गणितं दोनच द्या, पण भागाकारच द्या. वाचनात पूर्ण उतारा जमत नसेल तर आदल्या दिवशी त्याला तीन ओळी सांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तीन ओळी वाचायला उभं करा. अवचित उभं करून वाचायला लावणं आणि वर्गाला हसू देणं, याने झालेलं नुकसान भरून काढायला महिने जातात.

सिकलसेलच्या मुलाला 'सतत गैरहजर' म्हणणे

विदर्भात ही चूक फार महागात पडते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कायद्यातल्या त्या २१ प्रकारांत आहे, पण शाळेच्या यादीत ही मुलं क्वचितच दिसतात, कारण वरून काही दिसत नाही. मूल आठवडाभर येत नाही, आलं की मरगळलेलं असतं, हातपाय दुखतात म्हणतं. शाळेला वाटतं, नाटकं करतो. शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, कडाक्याची थंडी, ताप यांनी या मुलांच्या वेदना उसळतात. म्हणून बाटली बाकावरच राहू द्या आणि पाणी प्यायला परवानगी मागायला लावू नका. पाणी जास्त प्यायलं की लघवीला वारंवार जावं लागणार, त्यावरून ओरडू नका. उन्हात उभं करण्याची शिक्षा तर कोणत्याच मुलाला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार ती बेकायदा आहेच. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं यांपैकी काही दिसलं तर "शाळा सुटेपर्यंत थांब" म्हणायचं नाही, लगेच घरी कळवून दवाखाना. बुडालेला अभ्यास शेजारच्या मुलाच्या वहीचे फोटो आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवूनही बराच भरून निघतो.

न सांगता वेळापत्रक बदलणे

परिपाठाच्या भोंग्याने कान झाकून घेणारं मूल उद्धट नसतं. त्याला रांगेत शेवटी, भोंग्यापासून लांब उभं करा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आवाजाइतकाच अचानक झालेला बदल झोंबतो. आपल्याकडे उन्हाळा तापला की सकाळची शाळा सुरू होते, आणि त्या आठवड्यात "हा एकदम का बिघडला?" हा प्रश्न हमखास येतो. उठण्याची, जेवणाची, सुट्टीची वेळ एका दिवसात बदलली, म्हणून बिघडला. चार-पाच दिवस आधीपासून चित्रांचं नवं वेळापत्रक दाखवा, घरीही एक प्रत द्या. जूनअखेरीस शाळा उघडताना हेच: नवा वर्ग, नव्या बाई, नवा बाक आधी एकदा दाखवून आणलं तर पहिला आठवडा बराच सुसह्य होतो.

रॅम्पबद्दल थोडक्यात. चढ १:१२ (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) पेक्षा जास्त नको, आणि मुख्य म्हणजे कमोडच्या शौचालयाला कुलूप नको. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा वर्ग पहिल्या मजल्यावर असेल तर तिला उचलून नेऊ नका, वर्ग खाली आणा.

"विशेष शिक्षक येतात ना, ते बघतील"

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणाऱ्या विशेष शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात. रोज पाच तास मूल असतं वर्गशिक्षकाकडे. आमच्या भेटीत मुलाला व्हरांड्यात वेगळं घेऊन बसवण्यापेक्षा वर्गातच दहा मिनिटं बघू द्या, त्यातून जास्त निघतं. आणि प्रत्येक मुलाचं एक पान ठेवा: कशाने जमतं, कशाने बिनसतं, औषध कोणतं, फिट आली तर काय करायचं. शिक्षकांची बदली झाली की ही सगळी माहिती त्यांच्यासोबत जाते आणि जूनमध्ये आई पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते.

पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावणे

तेही गेटवर, चार जणींसमोर. पुढच्या वेळी ती आई येतच नाही. आत बसवा, आधी मुलाला काय येतं ते सांगा, मग अडचण. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींसाठीचा प्रोत्साहन भत्ता यांची माहिती शाळेनेच द्यायची असते. थेरपी किंवा साहित्याबद्दल विचारायला नागपुरात सीआरसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संमिश्र क्षेत्रीय केंद्र आहे, तेही सांगा.

पालकांची नेहमीची चूक म्हणजे तोंडी नकार ऐकून परत येणं. "आमच्याकडे अशी सोय नाही" म्हणून दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सहीची पोच घ्या. मुख्याध्यापक दाद देत नसतील तर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, शहरात मनपाचा शिक्षण विभाग, आणि तिथेही काम अडलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे त्याच पोचेची प्रत जोडून तक्रार करता येते.