मण्यार चावल्यावर या चुका टाळा

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागात पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा सर्वांत घातक चूक पहाटेच होते. दंशाच्या जागी सूज नसते, वेदना जवळजवळ नसतात, दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. पोट दुखते, उलटी होते आणि घरचे पित्ताची गोळी देऊन उजाडण्याची वाट पाहतात. जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाचे पोट अचानक दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर साप कोणी पाहिलेला नसला तरी मण्यारीचा दंश गृहीत धरून तत्काळ निघावे.

ही घाई अनाठायी नाही. मण्यारीचे विष स्नायूंना संदेश पोचवणाऱ्या मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पविषावरचे इंजेक्शन, शरीरात फिरणारे विष निष्प्रभ करते, परंतु निकामी झालेली टोके ते दुरुस्त करू शकत नाही; ती शरीरालाच नव्याने घडवावी लागतात आणि तोवर, कधी कित्येक दिवस, रुग्णाचा श्वास यंत्रावर चालवावा लागतो.

साप मारून सोबत नेण्यातही वेळ दवडू नये, कारण भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध दिले जाते. आवळपट्टी, चिरा, मांत्रिक हे सर्व टाळावे. पाणी किंवा चहा तर मुळीच पाजू नये; गिळण्याचे स्नायू दुर्बळ झालेले असल्याने तो श्वासनलिकेत जातो. रुग्णाला कुशीवर झोपवून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने न्यावे. प्रतिसर्पविष जवळच्या ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध असेल, तर ते तिथेच सुरू करून मग कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाकडे निघावे; थेट शहर गाठण्याच्या हट्टात श्वास वाटेतच थांबू शकतो.

रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी ठीक आली म्हणून घरी परतणे हीदेखील चूकच, कारण मण्यारीच्या दंशात ती सहसा ठीकच येते.

एक गोष्ट नातेवाइकांना मी आवर्जून सांगेन. डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून माणूस गेला असे ठरवू नका. लुळे पडलेले असतात ते स्नायू. त्याला सारे ऐकू येत असण्याची पूर्ण शक्यता असते. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या आणि डॉक्टरांच्या हाती सोपवेपर्यंत तो देत राहा.