बर्डीच्या रात्रीच्या शॉटमधले पट्टे कसे घालवले

नागपूरच्या सीताबर्डीवर रात्री काढलेल्या शॉटमध्ये दुकानांच्या पाट्यांवरून काळे आडवे पट्टे सरकत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत. ७ इंची मॉनिटर लावल्यावर कळलं.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फ्रेम सेकंदाला २४ होत्या, पण शटर १/६० सेकंदावर राहिलं होतं. शटर अँगल (शटर उघडं राहण्याचा वेळ अंशांत) १८० अंश, म्हणजे १/४८ सेकंद, केला तरी पुसटसे पट्टे राहतातच. १७२.८ अंश, म्हणजे नेमकं १/५० सेकंद (उजेडाचे पूर्ण दोन चढउतार), केल्यावर ट्यूबलाइट आणि रस्त्याचे दिवे शांत झाले. २५ फ्रेमवर शूट असेल तर १८० अंशच १/५० होतात.

मिठाईच्या दुकानाची एक स्वस्त एलईडी पाटी मात्र हटेना. तिचा कंट्रोलर आपल्याच गतीने दिवे चालू-बंद करतो, ५० हर्ट्झशी त्याचं घेणंदेणं नाही. शटर थोडंथोडं बदलून तिचे पट्टे थांबवले, तर बाकीचे दिवे नाचायला लागतात. मग सरळ काउंटरवर गेलो. "काका, दोन मिनिटं पाटी बंद करून द्या ना." दिली. एवढं पहिल्यांदाच विचारायला हवं होतं.

नागपूरच्याच महाल भागात, बडकस चौकाजवळ, त्रास आवाजाचा. लेपल माइक (कपड्यांवर लावायचा छोटा माइक) शर्टाच्या आत, छातीच्या मधोमध मेडिकल टेपने चिकटवा. हॉर्नपेक्षा संवाद वर राहतो. निघण्याआधी १ मिनिट नुसता रस्त्याचा आवाज रेकॉर्ड करा, नाहीतर एडिटमध्ये प्रत्येक कटवर गर्दीचा आवाज तुटतो.