स्टर्नबर्ग यांचा स्मृतिशोधाचा प्रयोग करताना या चुका टाळा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला स्मृतिशोधाचा प्रयोग दिसायला इतका सोपा आहे, की एम. ए.चे विद्यार्थी तो एका दुपारीत उरकायला निघतात आणि दरवर्षी माझ्या टेबलावर त्याच त्या चुकांची जर्नल्स येऊन पडतात. प्रयोज्याला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला, १ ते ६ अंक एकामागून एक दाखवायचे, थोड्या वेळाने एकच चाचणी-अंक दाखवायचा आणि तो मघाच्या संचात होता की नव्हता, हे बटण दाबून सांगायला लावायचे, एवढेच त्यात असते. संचातील प्रत्येक वाढीव अंकामागे प्रतिक्रियाकाल (चाचणी-अंक दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ) सुमारे ३८ मिलिसेकंदांनी वाढतो आणि ही वाढ ‘होय’ व ‘नाही’ या दोन्ही उत्तरांसाठी सारखीच असते, असे स्टर्नबर्ग यांना आढळले. अंक सापडताच शोध थांबत असता, तर ‘होय’च्या वेळी सरासरीने निम्म्याच्या आसपास संच तपासून भागले असते आणि संचातील अंकांपुढे प्रतिक्रियाकाल मांडलेल्या आलेखात ‘होय’च्या रेषेचा उतार, म्हणजे दर अंकामागची वाढ, ‘नाही’च्या निम्मा आला असता, तसे झाले नाही, म्हणून मन सगळा संच शेवटपर्यंत चाळते, असा अर्थ त्यांनी लावला.

सर्वांत महागात पडणारी चूक अंकांच्या याद्या तयार करतानाच होते. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. ‘नाही’ची रेषा व्यवस्थित चढत होती, ‘होय’ची मात्र जवळजवळ आडवी पडली होती आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्टर्नबर्ग यांचा निष्कर्ष चुकीचा ठरतो’ असे लिहिले होते. सॉफ्टवेअर, कीबोर्ड, प्रयोज्यांची अपुरी झोप अशा सगळ्यांवर संशय घेण्यात आमचे दोन दिवस गेले. शेवटी मी तिची यादी छापून घेतली आणि ‘होय’च्या प्रत्येक ओळीपुढे चाचणी-अंक संचात कितवा होता, ते पेन्सिलीने लिहीत गेलो. ३ अंकांच्या संचात तिसरा, ५ अंकांच्या संचात पाचवा, ६ अंकांच्या संचात सहावा! ओळीतला शेवटचा अंक उचलून पुढच्या रकान्यात टाकणे तिला सोयीचे वाटले होते. “पण सर, अंक संचातलाच तर आहे ना?” असे तिने विचारले. अंक संचातलाच होता. पण नुकताच पाहिलेला अंक ताजा असल्यामुळे तो चटकन ओळखला जातो, मग संच केवढाही असो. तेव्हापासून स्थानाचा रकाना भरून प्रत्येक स्थान सारख्या वेळा आले आहे, हे हाताने मोजल्याशिवाय मी पहिला प्रयोज्य बसवू देत नाही. संगणक यादृच्छिक क्रम देतो, हे उत्तर मी ऐकून घेत नाही, कारण ४०–५० फेऱ्यांत निव्वळ यादृच्छिकतेने समतोल साधेलच असे नाही.

दुसरी चूक निष्कर्षाच्या उताऱ्यात असते. रेषा समांतर आल्या, की ‘स्मृतीतील अंक एकेक करून तपासले जातात हे सिद्ध झाले’ असे बेधडक लिहिले जाते. एकाच वेळी सगळ्या अंकांशी तुलना होत असेल, पण उपलब्ध क्षमता त्यांच्यात वाटली जात असेल, तरीही अशाच सरळ रेषा मिळू शकतात, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स टाउनसेंड यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले आहे. म्हणून ‘सिद्ध’ हा शब्द मी लाल शाईने खोडतो आणि तिथे ‘सुसंगत’ लिहितो.

चुकलेल्या उत्तरांचे प्रतिक्रियाकाल सरासरीत धरू नयेत. ‘होय’साठी सर्वांना उजवाच हात देऊ नये. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो सुमारे ४०० मिलिसेकंदांचा काळ शोधाचा नसून अंक पाहणे, उत्तर ठरवणे आणि बटण दाबणे यांचा असतो.

मोबाईलवर प्रयोग घेण्याचा हट्ट अलीकडे वाढला आहे. टचस्क्रीनची दिरंगाई कायम सारखी राहिली तर उतार बिघडत नाही. ती फेरीगणिक कमीजास्त होत असेल, तर मात्र ३८ मिलिसेकंदांचा फरक तिच्यात सहज बुडतो आणि तो वर काढायला फेऱ्या वाढवाव्या लागतात. नेमक्या त्याच वाढवायला कोणी तयार नसते.