मॅरेथॉनच्या कामात नवीन आहात? आधी नाश्त्याचा टेम्पो आत कसा येणार ते बघा

मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होते, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या आसपास. इव्हेंटच्या कामात नव्याने आलेल्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा रूटचा एक पट्टा येतो: दोन-तीन किलोमीटर रस्ता, एक वॉटर स्टेशन, काही मोबाइल टॉयलेट. बिब (छातीवरचा नंबर), टायमिंग चिप, पासचे रंग हे सगळं ब्रीफिंगमध्ये कळतं. हे लिहिलंय ते बॅरिकेड लावणारे, सफाई कामगार, टॉयलेटवरचे अटेंडंट, कंत्राटी गार्ड आणि लोडर यांच्याबद्दल. स्वयंसेवकांना टी-शर्ट आणि सर्टिफिकेट मिळतं, यांचं नाव कुठल्याच शीटमध्ये नसतं.

सगळ्यात मोठा खड्डा नाश्त्याचा. नवीन माणूस प्रत्येक कंत्राटदाराकडून आकडा मागवतो, बेरीज करतो, केटररला ऑर्डर देतो आणि लिहितो, ‘सकाळी सातला पोचवा’. आकडा बरोबर, ॲडव्हान्स दिलेला, पोहे गरम. फक्त टेम्पो आत येऊ शकत नाही. हौशी धावपटूंची शर्यत पहाटेच सुटते, रस्ते त्याच्याही आधी बंद होतात आणि पास नसलेली गाडी पोलीस सोडत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. पाणी, मेडिकल, टायमिंग यांच्या गाड्यांना पास असतात. नाश्त्याच्या गाडीचा पास काढायचं काम मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं. मग पोहे नाक्यावर आणि माणसं आत. बॅरिकेडवरच्या माणसाला जागा सोडता येत नाही. रात्री जेवून आलेला माणूस दुपारपर्यंत तसाच उभा.

आकड्यातही गोची आहे. ‘सकाळच्या पाळीला किती?’ असं विचारलं की कंत्राटदार तेवढंच सांगतो. रात्री बॅरिकेड लावायला आलेली माणसं रस्ता उघडेपर्यंत बाहेर पडू शकत नाहीत, ती मोजलीच जात नाहीत. म्हणून विचारायचं ते असं: रस्ता बंद असताना आत एकूण किती माणसं असतील? त्यावर दहा टक्के जादा धरा. महापालिकेचे सफाई कामगार आणि ट्रॅफिक पोलीस तुमच्या यादीत नसतात आणि ते मागणारही नाहीत.

घाबरू नका, उपाय साधा आहे. पाकिटं आदल्या रात्री पाण्याच्या शेवटच्या गाडीतून आत न्या, तिला पास असतोच. अट एकच, पदार्थ सकाळपर्यंत टिकला पाहिजे. थेपले किंवा दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. संक्रांत नुकतीच झालेली असते, तिळाच्या वड्याही मिळतात. केळी वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा, पाकिटात दाबली की काळी पडतात. पोहे, उपमा, ओल्या नारळाची चटणी नकोच. गरम पदार्थ डब्यात बंद केला की वाफ धरते आणि तीन वाजता भरलेलं पाकीट नऊपर्यंत आंबूस होतं. चहासाठी सायकलवरच्या चहावाल्याला आदल्या दिवशीच गाठून ठेवा. बॅरिकेडच्या फटीतून तो सायकल हातात धरून जातो, टेम्पो जात नाही. दहा लिटर चहात शंभर मिलीचे शंभर कप होतात.

‘व्हेंडर बघून घेईल’ असं सांगणारे सीनियर भरपूर भेटतील. माझ्या मते या कामातला खरा गुरू मुकादम. कुठल्या गल्लीतून हातगाडी आत येते, हे त्याला विचारा, ग्रुपवर मेसेज टाकत बसू नका.

टॉयलेटचं मात्र स्पष्ट सांगतो. रनर्ससाठीच्या टॉयलेटवरून गार्ड सफाईवाल्या मावशींना हाकलतात, कारण त्यांना तसंच सांगितलेलं असतं. मग त्या पाणीच पीत नाहीत आणि दहाच्या उन्हात चक्कर येते. प्रत्येक वॉटर स्टेशनवर एका टॉयलेटवर ‘कर्मचारी’ अशी छापील चिठ्ठी लावा आणि पाण्याचे दोन खोके त्यांच्या नावाने बाजूला काढा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विरतं.

कचऱ्यात वजन असतं ते उरलेल्या पाण्याचं. 200 मिलीच्या अर्ध्या भरलेल्या 300 बाटल्या म्हणजे 30 किलो, पिशवी फाटणारच. शेजारी एक ड्रम ठेवा, आधी पाणी त्यात ओतू द्या आणि पिशवी अर्धीच भरायला सांगा. कचऱ्याचे डबे पाण्याच्या टेबलाला चिकटून नकोत. रनर पीत पीत पुढे जातो, तेव्हा शंभर-दीडशे मीटरपर्यंत डबे लावत जा, वाकून उचलण्याचे कष्ट तेवढे कमी. हातमोजे दोन मापांचे मागवा. एकाच मोठ्या मापाचे आले की मावशी ते काढून ठेवतात आणि उघड्या हाताने रनर्सनी खाऊन टाकलेली एनर्जी जेलची चिकट पाकिटं उचलतात.

पैशांबद्दल जपून. 17 सप्टेंबर 2023 ला कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात 21 धावांत 6 बळी घेणाऱ्या मोहम्मद सिराजने सामनावीराची रक्कम मैदान कर्मचाऱ्यांना दिली. छानच केलं, पण ते जाहीरपणे झालं. तुम्ही एकाच्या हातात नोटा देऊन ‘वाटून घ्या’ म्हणालात तर भांडणं लागतात. द्यायचंच असेल तर प्रत्येकाला सारखं, त्याच्या हातात. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि ‘ओ सफाई’ अशी हाक कुणी मारली तर तिथेच थांबवा.

परतीचंही बघून ठेवा. रविवार असतो, मेगाब्लॉक आहे का आणि बेस्टच्या कुठल्या बस वळवल्यात, हे आदल्या दिवशी मुकादमाला कळवा.

शेवटचं काम हजेरीच्या कागदाचं, आणि यात हयगय नको. रस्ता उशिरा उघडला तर माणूस दोन-तीन तास जास्त थांबतो, पण कंत्राटदार नंतर पाळी संपण्याची ठरलेली वेळच लिहितो आणि जादा तास बुडतात. सुटण्याची खरी वेळ जागेवरच, त्या माणसासमोर भरा, मग सही करा आणि कागदाचा फोटो त्याच्याही मोबाइलवर पाठवा. वेळेचा रकाना कोरा असेल तर सही करू नका.